डी अँझा आणि फुटहिल : आपल्या टापूतल्या कम्युनिटी कॉलेजांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातलं क्युपर्टिनो, सनीवेल, माउंटन व्ह्यू, लॉस आल्टोस, पालो आल्टो आणि सॅन होजेचा पश्चिमेकडचा थोडा भाग. एवढ्या टापूतल्या मराठी घरांमध्ये गणपतीची आरती झाली की प्रसादाचा द्रोण हातात घेऊन जे प्रश्न विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. ही उत्तरं कॉलेजच्या वतीने दिलेली नाहीत. व्हिसा, फी आणि अर्जाच्या तारखा बदलत राहतात, म्हणून तेवढं मात्र पाऊल उचलण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्या.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे नक्की काय? आपल्याकडच्या आयटीआयसारखं का?

थोडंसं तसं, पण बरंच वेगळंही. इथे ऑटोमोबाइल दुरुस्ती आणि नर्सिंग शिकवतात, आणि त्याच आवारात कॅल्क्युलस, ऑरगॅनिक केमिस्ट्री, तत्त्वज्ञान आणि चित्रकलाही शिकवतात. कुणी दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेतं, कुणी दोन वर्षांनी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातं, कुणी एखादं सर्टिफिकेट घेऊन नोकरीला लागतं. एकच विषय शिकून घरी जाणारेही पुष्कळ. एकाच वर्गात अठरा वर्षांची पोर, चाळिशीतली नर्स आणि निवृत्त इंजिनिअर शेजारी शेजारी बसलेले दिसतात, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला एका हायस्कूलला जोडून सुरू झालं. कॅलिफोर्नियात १९०७ च्या कायद्याने हायस्कूलांना पुढचे वर्ग चालवायची मुभा मिळाली आणि १९१० मध्ये फ्रेझ्नोने ती वापरली. आज या राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. आपल्या टापूतली दोन म्हणजे लॉस आल्टोस हिल्समधलं फुटहिल आणि क्युपर्टिनोमधलं डी अँझा. जिल्हा स्थापन झाला १९५७ मध्ये, फुटहिल १९५८ मध्ये सुरू झालं आणि डी अँझा १९६७ मध्ये.

हे सरकारी की खाजगी? चालवतं कोण?

सार्वजनिक. दोन्ही कॉलेजांचा मिळून एक ‘डिस्ट्रिक्ट’ आहे आणि त्यावर लोकांनी निवडून दिलेलं पाच जणांचं विश्वस्त मंडळ आहे. पैसा येतो तो राज्य सरकारकडून आणि स्थानिक मालमत्ता करातून. घर असेल तर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढून पाहा, त्यात या जिल्ह्याच्या नावाची ओळ सापडेल. मार्च २०२० मध्ये मतदारांनी इमारतींसाठी ८९.८ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली, त्याचे हप्ते आपणच भरतोय. भाड्याने राहणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये, घरमालक तो कर भाड्यातूनच काढतो.

हे मुद्दाम सांगण्याचं कारण असं, की आपल्यातले बरेच जण या कॉलेजकडे ‘दुसऱ्यांच्या मुलांची सोय’ म्हणून पाहतात. पैसे तुम्ही देताच आहात, तर वापराही. आणि नागरिक झाला असाल तर विश्वस्तांच्या निवडणुकीत मतही द्या. मतपत्रिकेच्या तळाशी ती नावं असतात आणि तिथवर पोचता पोचता बहुतेकांचा उत्साह संपलेला असतो.

प्रवेशाला किती टक्के लागतात? कुठली परीक्षा द्यावी लागते?

टक्के लागत नाहीत. एसएटी नाही, सीईटी नाही, कटऑफ नाही, डोनेशन नाही. हायस्कूल पूर्ण केलेल्या किंवा अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही प्रवेश आहे. अर्ज ऑनलाइन आणि फुकट. अर्ज भरायचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती बंद करा. नर्सिंगसारख्या काही अभ्यासक्रमांना मात्र वेगळा अर्ज असतो आणि तिथे चुरस असते.

गणित आणि इंग्रजीच्या पातळीसाठी पूर्वी चाचणी घेत. २०१७ च्या कायद्यानंतर ती जवळजवळ गेलीच. आता हायस्कूलमधल्या गुणांवरून ठरवतात.

फी किती?

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना एका क्वार्टर युनिटला ३१ डॉलर (क्वार्टर म्हणजे बारा आठवड्यांचं सत्र, युनिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप). बहुतेक विषय चार किंवा पाच युनिटचे असतात, म्हणजे विषयाला १२४ ते १५५ डॉलर. असोसिएट डिग्रीला ९० युनिट लागतात, म्हणजे संपूर्ण डिग्रीची मूळ फी २,७९० डॉलर होते. दर क्वार्टरला थोडी किरकोळ फी आणि पुस्तकं वेगळी. तुलनेसाठी, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, म्हणजे यूसीची, नुसती ट्यूशन आणि फी वर्षाला १४ हजार डॉलरच्या पुढे आहे आणि राहण्याखाण्याचा खर्च त्याहून जास्त.

पुस्तकांवर पैसे वाचवायचे असतील तर वेळापत्रकात ज्या वर्गांपुढे पुस्तकाचा खर्च शून्य अशी खूण असते, ते आधी शोधा.

१९८४ पर्यंत कॅलिफोर्नियाच्या या कॉलेजांना अशी फीच नव्हती. १९७८ मध्ये मालमत्ता करावर मर्यादा आली, तिजोऱ्या आटल्या आणि मग युनिटला पाच डॉलरपासून सुरुवात झाली. ज्यांनी फुकट शिक्षण पाहिलंय असे जुने रहिवासी अजूनही यावर कुरकुरतात. आपल्याला ३१ डॉलर स्वस्त वाटतात, त्यांना तो शब्द मोडल्यासारखा वाटतो.

उत्पन्न कमी असलेल्या रहिवाशांना फी माफ होऊ शकते. पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठीही सवलत आहे. त्यासाठी आर्थिक मदतीचा अर्ज भरावा लागतो, आणि ‘आपल्याला कुठे मिळणार’ म्हणून तो न भरणारे खूप.

आम्ही एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहोत. आम्हाला रहिवासी धरतात का?

धरू शकतात, आणि ही गोष्ट अनेकांना माहीतच नसते. एच-१बी, एच-४, एल-१, एल-२ या व्हिसांवरच्या माणसाला कॅलिफोर्नियात कायम वास्तव्याचा इरादा दाखवता येतो. अट अशी, की टर्म सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस झालेला हवा, आणि इथेच राहण्याचा इरादा कागदोपत्री दिसला पाहिजे. राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, भाडेकरार, बँकेचे कागद जपून ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुलांचा रहिवास आई-वडिलांवरून ठरतो.

एफ-१ (विद्यार्थी) आणि बी-२ (पर्यटक) व्हिसावाल्यांना ही सोय नाही.

वर्ष भरलं नसेल तर बाहेरच्या माणसाची फी लागते आणि ती कित्येक पट असते. नुकतेच टेक्सास किंवा न्यू जर्सीहून आला असाल तर थोडं थांबणं शहाणपणाचं. तोवर शहरातल्या अॅडल्ट स्कूलमध्ये काही शिकता येईल.

एच-४ वर शिकायला वेगळी परवानगी लागते का?

नाही. अर्धवेळ शिका, पूर्णवेळ शिका, व्हिसा बदलावा लागत नाही. शिक्षण आणि नोकरी या दोन वेगळ्या बाबी आहेत एवढं लक्षात ठेवा. नोकरीसाठी ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र लागतं, आणि ते २०१५ पासून फक्त अशांना मिळतं ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डाची प्रक्रिया एका ठरावीक टप्प्यावर पोचली आहे. काही अभ्यासक्रमांत शेवटी प्रत्यक्ष काम करावं लागतं. ते पगारी आहे का आणि तुमच्या व्हिसावर चालेल का, हे अभ्यासक्रम सुरू करायच्या आधी विचारा, शेवटच्या क्वार्टरला नाही.

मुलं एच-४ वर असतील तर एकविसाव्या वर्षी ती त्या व्हिसातून बाहेर पडतात. सतराव्या वर्षीच वकिलाशी बोलून ठेवा. कॉलेजचा काउन्सेलर विषय निवडायला मदत करेल, इमिग्रेशनचा सल्ला देणं त्याचं काम नाही.

मी पुण्याहून बी.कॉम. करून आले आहे. मुलगा आता शाळेत जातो. मी काय शिकू?

हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारीच्या आवाजात नेहमी थोडा संकोच असतो. तो सोडा. अशा बायकांनी इथले संध्याकाळचे आणि ऑनलाइन वर्ग भरलेले असतात.

बी.कॉम. असेल तर सीपीएची, म्हणजे आपल्याकडच्या सीएसारख्या परवान्याची, वाट पाहण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात सीपीए परीक्षेला बसायला पदवी लागते, शिवाय अकाउंटिंगची २४ सेमिस्टर युनिट आणि बिझनेसशी संबंधित २४ युनिट असावी लागतात. सेमिस्टरची २४ म्हणजे क्वार्टरची ३६. भारतातली पदवी एखाद्या मूल्यांकन संस्थेकडून तपासून घेतली की किती युनिट धरली गेली आणि किती कमी पडतात ते कळतं. कमी पडलेली युनिट डी अँझा किंवा फुटहिलमध्ये भरून काढता येतात. इथली टॅक्स आणि ऑडिटची घडी वेगळी असल्यामुळे तो अभ्यास नोकरीतही उपयोगी पडतो. परवान्याचे नियम सध्या बदलत आहेत, म्हणून कॅलिफोर्निया बोर्ड ऑफ अकाउंटन्सीचं पान आधी वाचा आणि मगच विषय निवडा. अमक्या मैत्रिणीने चार वर्षांपूर्वी काय केलं यावर जाऊ नका.

दुसरी वाट प्रीस्कूलच्या शिक्षिकेची. राज्याच्या बालसंगोपन केंद्रांच्या नियमांनुसार पूर्ण पात्र शिक्षिका व्हायला बालशिक्षणाची १२ सेमिस्टर युनिट आणि थोडा अनुभव लागतो. सहा युनिट झाली की उरलेली पूर्ण करता करता कामाला लागता येतं. ही युनिट फार महाग नाहीत आणि फार वेळखाऊही नाहीत. डी अँझाच्या आवारातच बालविकास केंद्र आहे, तिथे मुलांचं निरीक्षण करायला मिळतं. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी: या कामाचा पगार या भागातल्या घरभाड्याशी झगडू शकत नाही. तरीही कित्येक जणी हेच निवडतात, कारण वेळ मुलांच्या शाळेशी जुळते आणि घराबाहेर स्वतःचं एक जग तयार होतं.

इंजिनिअरिंग किंवा बी.एस्सी. झालेल्या बऱ्याच जणी प्रोग्रॅमिंगच्या वर्गांकडे वळतात. चालेल, पण नुसती सर्टिफिकेटं गोळा करून नोकरी लागत नाही. कमी गर्दीच्या वाटाही पाहा. डी अँझाला मेडिकल लॅब टेक्निशियनचा अभ्यासक्रम आहे. फुटहिलला रेडिओलॉजी आणि रेस्पिरेटरी थेरपी आहे. डेंटल हायजीनमध्ये तर फुटहिल चार वर्षांची पूर्ण पदवी देतं. २०१४ च्या कायद्याने काही मोजक्या कम्युनिटी कॉलेजांना पदवीची परवानगी मिळाली, त्यात ते होतं. बी.फार्म. किंवा बीडीएस करून आलेल्या आणि इथल्या परीक्षांच्या डोंगराकडे पाहून थबकलेल्या मुलींनी याची चौकशी जरूर करावी.

मुलीला यूसीचं बर्कली मिळालं नाही. डी अँझाला घातलं तर तिचं नुकसान होईल का?

राज्याने १९६० मध्ये उच्च शिक्षणाचा एक आराखडा केला. वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांसाठी यूसी, वरच्या एक तृतीयांशासाठी स्टेट युनिव्हर्सिटी आणि बाकी सगळ्यांसाठी कम्युनिटी कॉलेज. पण त्या आराखड्यात खालून वर जाणारा जिनाही ठेवला होता, तो म्हणजे ट्रान्सफर. यूसीमध्ये तिसऱ्या वर्षाला बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी दहात नऊहून अधिक जण राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांतून येतात, आणि डी अँझा त्यातल्या आघाडीच्या कॉलेजांपैकी आहे. म्हणजे ही मागच्या दाराची सोय नाही. ते दार मुद्दाम बांधलेलं आहे आणि त्यावर पाटीही आहे.

व्यवहार असा चालतो. दोन वर्षांत ट्रान्सफरला चालणारी ९० क्वार्टर युनिट करायची. त्यात सामान्य शिक्षणाचा एक संच असतो, २०२५ च्या फॉलपासून त्याचं नाव कॅल-जीईटीसी आहे. त्याखेरीज मुख्य विषयाची तयारी. डी अँझाचा कुठला विषय कुठल्या कॅम्पसला कशाच्या बदल्यात धरतात हे ‘असिस्ट’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर विषयवार लिहिलेलं असतं. ते पान मुलीने स्वतः उघडून वाचलं पाहिजे. तुम्ही वाचून तिला सांगू नका.

यूसीचे सहा कॅम्पस प्रवेशाची हमी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. त्या हमीला ‘टॅग’ म्हणतात. ठरलेला जीपीए (गुणांची सरासरी) आणि ठरलेले विषय पूर्ण केले की जागा मिळते. त्याचा अर्ज सप्टेंबरमध्ये. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत, पण डी अँझाहून तिथे दरवर्षी मुलं जातातच. मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करायचा, म्हणजे दुसरं वर्ष सुरू होताच. याचा अर्थ पहिल्या वर्षाचे गुणच अर्जात दिसणार. ‘पहिलं वर्ष जरा सेटल होऊ दे’ असं म्हणायला इथे जागा नाही.

आता अडचणीची बाजू. कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगला काही कॅम्पस टॅगमधून वगळतात आणि तिथे चुरस तीव्र आहे. डी अँझाला कॅल्क्युलस चार क्वार्टरमध्ये चालतं आणि फिजिक्सची मालिकाही चार भागांची आहे. एकापुढे एकच घेता येतात. मुलीला प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात करावी लागली, तर दोन वर्षांची तीन होतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण हिशेब आधीच मांडलेला बरा.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याविषयी आई-वडील विचारत नाहीत. कॅम्पसवर वसतिगृह नाही. मैत्रिणी सप्टेंबरमध्ये गाड्या भरून सॅन डिएगोला निघून जातात, हिची खोली तीच आणि जेवणाचं टेबलही तेच. पहिला क्वार्टर एकटा जातो. तिला क्लबमध्ये जाऊ द्या, कॅम्पसवर काम मिळालं तर करू द्या, आणि रात्री उशीर झाला तर ती कॉलेजात आहे, बारावीत नाही, हे लक्षात ठेवा.

नातेवाईक विचारतात, ‘कुठे शिकतो?’ काय सांगायचं?

डी अँझा. पुढे पदवी ज्या विद्यापीठाची मिळते, प्रमाणपत्रावर त्याच विद्यापीठाचं नाव असतं. पहिली दोन वर्षं कुठे झाली याचा त्यावर उल्लेख नसतो. स्थळाच्या बायोडाट्यात काय लिहायचं याची काळजी करणाऱ्या आत्यांना तेवढं सांगितलं की पुरतं.

मुलगा नववीत आहे. आतापासून कॉलेजचे वर्ग लावावेत का?

लावता येतात. हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना शाळेची आणि पालकांची सही घेऊन अकरा युनिटपर्यंत घेता येतात आणि मूळ फी माफ असते. राज्यात येऊन वर्ष झालं नसेल तर फीचं आधी विचारा. कॉलेजचा एक क्वार्टरचा पूर्ण विषय यूसीच्या प्रवेशासाठी साधारण हायस्कूलच्या वर्षभराच्या विषयाइतका धरला जातो, आणि जीपीएमध्ये त्याला जादा वजनही मिळतं.

इथवर ऐकलं की आपल्याकडच्या पालकांचे डोळे चमकतात. जरा थांबा. कॉलेजचा गुण कायमचा असतो. चौदाव्या वर्षी मिळालेला सी विद्यापीठाच्या अर्जात दिसतो, पुढे मेडिकलला जायचं ठरलं तर तिथल्या अर्जातही दिसतो. हायस्कूलमधला शिक्षक हाक मारून विचारतो, ‘गृहपाठ कुठाय?’ कॉलेजचा प्राध्यापक विचारत नाही, शून्य देतो. आणि बारा आठवड्यांच्या क्वार्टरमध्ये दोन आठवडे आजारी पडलं तर उरलेलं गाठता गाठता दमछाक होते.

मुलाला शाळेत नसलेला विषय शिकायचा असेल, जपानी भाषा, खगोलशास्त्र, सिरॅमिक्स, किंवा शाळेचं गणितच संपलं असेल, तर बेलाशक पाठवा. डी अँझाच्या कॅम्पसवर तारांगणही आहे. पण शेजारच्यांच्या मुलाने तीन विषय घेतले म्हणून आपल्याने चार घ्यावेत, यासाठी हे कॉलेज नाही. आमच्या मते दहावीनंतरच्या उन्हाळ्यात एक विषय, मुलाने स्वतः निवडलेला, ही चांगली सुरुवात. त्या जागेसाठी कुणी रात्रीची पाळी करून आलेला विद्यार्थीही थांबलेला असतो, हे मुलाला सांगायला हरकत नाही. हायस्कूलवाल्यांना नोंदणीत सगळ्यात शेवटचा क्रमांक देतात, ते त्यामुळेच.

काही खाजगी विद्यापीठं हायस्कूलमध्ये केलेली कॉलेजची युनिट धरत नाहीत. फक्त युनिट वाचवायला करत असाल तर तेही तपासा.

फोन केला तर कॉलेज मुलाचे मार्क सांगत नाही. तो पंधरा वर्षांचा आहे!

सांगणार नाही. केंद्राच्या कायद्यानुसार मुलगा कॉलेजचा विद्यार्थी झाला की नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, वय काहीही असो. प्राध्यापकाला तुम्ही ईमेल पाठवू नका, आणि मुलाच्या नावाने तर नकोच. प्राध्यापकांना भाषेवरून लगेच कळतं. मुलाला विचारा. सांगितलं नाही तर तोही एक निकालच समजा.

क्वार्टर पद्धत म्हणजे काय? सेमिस्टरपेक्षा अवघड असते का?

वर्षाचे तीन क्वार्टर आणि एक उन्हाळा. फॉल सुरू होतो सप्टेंबरच्या शेवटी, म्हणजे शेजारच्या सेमिस्टरवाल्या कॉलेजांनंतर जवळजवळ महिन्याने. क्वार्टर बारा आठवड्यांचा, त्यातला शेवटचा परीक्षेचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली मिडटर्म येते.

पहिल्या दोन आठवड्यांत विषय सोडला तर नोंद राहत नाही. नंतर सोडला तर डब्ल्यू, म्हणजे ‘विथड्रॉ’ची खूण लागते. डब्ल्यू एखादा असला तरी कुणी काही म्हणत नाही, रांग लागली तर म्हणतात. एकच विषय तीनदाच घेता येतो, आणि डब्ल्यूही एक प्रयत्न म्हणून मोजला जातो.

हवा तो वर्ग नेहमी भरलेला दाखवतो. काय करू?

वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या तासाला जाऊन बसा, किंवा ऑनलाइन असेल तर पहिल्याच दिवशी लॉगइन करून पहिलं काम जमा करा. हजर नसलेल्यांची नावं कापतात आणि मग प्राध्यापक अॅड कोड, म्हणजे नाव नोंदवायचा संकेतांक देतात. अलीकडच्या वर्षांत राज्यभरच्या ऑनलाइन वर्गांत आर्थिक मदत लाटण्यासाठी बनावट विद्यार्थी घुसवण्याचे प्रकार खूप झाले. त्यामुळे प्राध्यापक पहिल्या आठवड्यात खरं माणूस कोण ते काटेकोरपणे तपासतात. ‘तुमचा परिचय द्या’ असा चर्चेचा विषय आला तर तो फालतू म्हणून सोडू नका.

फी वेळेत भरली नाही तरी नाव निघतं.

डी अँझा की फुटहिल?

जे घराजवळ आहे ते. जिल्हा एक असल्याने दोन्हीकडचे विषय एकाच वेळी घेता येतात आणि बरेच जण तसंच करतात. डी अँझा मोठं, गजबजलेलं, सपाटीवर आणि बसच्या वाटेवर. फुटहिल टेकडीवर, शांत, झाडांत लपलेलं. तिथे जायला गाडी असलेली बरी. आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रम फुटहिलकडे जास्त आहेत, ऑटोमोबाइल आणि अॅनिमेशन डी अँझाकडे. सनीवेलमध्येही फुटहिलचं एक केंद्र आहे.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांना एखाद्या वर्गात घालता येईल का?

क्रेडिटच्या वर्गात नाही. बी-२ व्हिसावर शिक्षणक्रमाला प्रवेश घेता येत नाही. छंद म्हणून छोटा, क्रेडिट नसलेला वर्ग चालतो. त्यांना डी अँझाच्या कॅम्पसवर फिरायला मात्र जरूर न्या. लायब्ररी आहे, युफ्रॅट कला संग्रहालय आहे, आणि जुन्या इस्टेटीतली ‘पेटिट ट्रियानॉन’ ही इमारत आहे, जिथे कॅलिफोर्निया हिस्टरी सेंटर चालतं. इथे एकेकाळी द्राक्षाचे मळे होते हे ऐकून नाशिककडचे आजोबा तिथेच बाकावर बसतात आणि मातीविषयी विचारू लागतात.

भाच्याला भारतातून थेट इथे बोलावू का?

बोलावता येतं. ही कॉलेजं एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना घेतात आणि जगभरातून विद्यार्थी येतात. पण बाहेरच्या विद्यार्थ्याची फी भरावी लागते, दर क्वार्टरला किमान बारा युनिट घ्यावी लागतात, कॅम्पसबाहेर मनाजोगी नोकरी करता येत नाही आणि या भागातलं भाडं तुम्हाला माहीतच आहे. तो तुमच्या घरी राहणार असेल, ट्रान्सफरचा आराखडा पक्का असेल आणि बहिणीला खर्चाचे आकडे नीट दाखवलेले असतील, तर विचार करा. ‘एकदा आला की काहीतरी होईल’ या भरवशावर नको.

पुढेमागे भारतात परत गेलो तर या डिग्रीला किंमत आहे का?

असोसिएट डिग्री म्हणजे भारतातली पदवी नव्हे. बऱ्याच स्पर्धा परीक्षांना आणि एमबीएला पदवी लागते. परत जायचा विचार असेल तर इथून ट्रान्सफर घेऊन चार वर्षांची पदवी पुरी करा. सगळे ट्रान्सक्रिप्ट आणि विषयांची वर्णनं सांभाळून ठेवा, नंतर मुंबईहून ती मागवताना फार पत्रव्यवहार करावा लागतो.

स्टीव्ह जॉब्सने मॅकिंटॉश इथेच दाखवला होता म्हणतात, ते खरं का?

खरं. २४ जानेवारी १९८४ ला, डी अँझाच्या फ्लिंट सेंटर या सभागृहात. २०१४ मध्ये आयफोन ६ आणि अॅपल वॉचही तिथेच दाखवले गेले. २०१९ मध्ये ते सभागृह बंद झालं. जॉब्सचा भागीदार स्टीव्ह वॉझनियाक मात्र काही काळ डी अँझाचा विद्यार्थी होता आणि नंतर बर्कलीला गेला. पोरं ऐकत नसतील तेव्हा हे सांगून पाहा, अर्थात त्यांना ते आधीच माहीत असतं.

कॉलेजचं नाव ज्याच्यावरून आहे तो हुआन बाउतिस्ता दे आन्सा १७७६ मध्ये स्पेनच्या वसाहतीसाठी वाट शोधत या खोऱ्यातून गेला. आज कॉलेजसमोरच्या रस्त्याला ज्या स्टीव्हन्स क्रीकचं नाव आहे, त्याच ओढ्याला त्याच्या तुकडीने सेंट जोसेफ ऑफ क्युपर्टिनोचं नाव दिलं होतं. इथे मुळात राहणाऱ्या ओलोनी लोकांवर पुढे काय ओढवलं, हे हिस्टरी सेंटरमध्ये विचारायला विसरू नका.

मला गाडी चालवता येत नाही. कॉलेजला कशी जाऊ?

डी अँझाला व्हीटीएच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या बसेस आहेत. स्टीव्हन्स क्रीकवरून २३ नंबर आणि जलद ५२३, सनीवेलकडून ५५. विद्यार्थ्यांच्या फीमध्येच बसचा पास येतो, तो आधी घेऊन ठेवा. संध्याकाळचा वर्ग असेल तर परतीच्या शेवटच्या बसची वेळ पाहूनच विषय निवडा, रात्री फेऱ्या विरळ होतात. वर्गात दोन-चार तासांतच आपल्या भागात राहणारी एखादी मुलगी सापडते, गुजराती, तेलुगू, चिनी, इराणी, कुणीही, आणि तिच्याकडे गाडी असते. आणि तोवर ऑनलाइन वर्ग आहेतच.